घरचा हिशेब द्विनोंदी पद्धतीने, साध्या मजकुराच्या फाइलीत

खर्च टिपून ठेवण्याची असंख्य ॲप्स आज मोबाइलवर मिळतात आणि त्यांतील बहुतेक एका प्रश्नाचे उत्तर चांगले देतात, तो म्हणजे या महिन्यात किराण्यावर, पेट्रोलवर, हॉटेलात किती गेले. मात्र सगळी बँकखाती, पाकिटातील रोकड, भविष्यनिर्वाह निधी, म्युच्युअल फंड आणि दुसऱ्याकडून येणे असलेली रक्कम एका बाजूला ठेवली, क्रेडिट कार्डाची थकबाकी व गृहकर्ज दुसऱ्या बाजूला ठेवले, तर शेवटी आपले म्हणून काय उरते, हे विचारले की ती ॲप्स अडखळतात. याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. ती फक्त पैसा कशावर गेला एवढेच लिहून घेतात. तो कुठून गेला आणि तिथे आता किती उरला, याची नोंद होत नाही किंवा झाली तरी तिची पडताळणी होत नाही. हा दुसरा अर्धा भाग लिहून घेणारी पद्धत म्हणजे द्विनोंदी हिशेब, आणि ती घरगुती वापरासाठी अतिशय कमी साधनांत राबवण्याचा एक मार्ग म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत नोंदी लिहून टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडून त्यांची बेरीज-वजाबाकी करून घेणे.

पद्धत जुनी आहे. व्हेनिसचे व्यापारी ती वापरत होते आणि लुका पाचोली या गणिती धर्मोपदेशकाने १४९४ मध्ये छापलेल्या आपल्या गणितग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले. ती त्याने शोधून काढली असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. सॉफ्टवेअरची कथा बरीच अलीकडची आहे. जॉन विग्ली यांनी २००३ मध्ये ‘लेजर’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो हिशेबाची फाइल वाचतो आणि अहवाल देतो, पण त्या फाइलीत स्वतःहून एक अक्षरही बदलत नाही. त्याच कल्पनेवर सायमन मायकेल यांनी २००७ मध्ये हॅस्केल या संगणकीय भाषेत ‘एच-लेजर’ सुरू केला, आणि मार्टिन ब्ले यांनी पायथनमध्ये ‘बीनकाउंट’ तयार केला. तिन्ही मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. पुढील उदाहरणे एच-लेजरच्या धाटणीची आहेत, कारण नवशिक्याला त्याचे चूक दाखवणारे संदेश सर्वांत लवकर समजतात असे माझे मत आहे, आणि त्यात खात्यांची नावे देवनागरीत लिहिता येतात. अंक मात्र इथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दाखवले आहेत. प्रत्यक्ष फाइलीत तारखा आणि रकमा इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात, आणि आज्ञाही इंग्रजीतच टंकाव्या लागतात.

सर्व खाती पाच प्रकारांत बसतात: मालमत्ता, देणे, भांडवल, उत्पन्न आणि खर्च. प्रत्येक व्यवहार म्हणजे एका किंवा अधिक खात्यांतून निघून दुसऱ्या एका किंवा अधिक खात्यांत पोहोचलेला पैसा. महाविद्यालयात वाणिज्य शाखेला गेलेल्यांना नावे आणि जमा यांचे नियम पाठ करावे लागतात. या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या जागी फक्त अधिक आणि उणे ही चिन्हे आहेत. जिथे पैसा पोहोचला तिथे अधिक, जिथून निघाला तिथे उणे, आणि एका व्यवहारातील सर्व रकमांची बेरीज शून्य. शून्य आली नाही तर प्रोग्रॅम अहवाल देण्यास साफ नकार देतो आणि ओळीचा क्रमांक दाखवतो. क्रेडिट कार्डावर भरलेला किराणा असा लिहिला जातो:

२०२५-०४-०५ किराणा दुकान
    खर्च:किराणा             ₹१,८४०
    देणे:क्रेडिट कार्ड        -₹१,८४०

आणि पुढच्या महिन्यात कार्डाचे बिल भरले की:

२०२५-०५-१८ कार्डाचे बिल
    देणे:क्रेडिट कार्ड         ₹१,८४०
    मालमत्ता:बँक:बचत       -₹१,८४०

दुसऱ्या नोंदीत ‘खर्च’ हा शब्दच नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. खर्च ५ एप्रिललाच झाला होता. १८ मे रोजी फक्त एक देणे फिटले आणि बँकेतील शिल्लक तेवढ्याने घटली. एकेरी नोंद ठेवणारे अनेकजण किराणाही लिहितात आणि कार्डाचे बिलही लिहितात, मग महिन्याचा खर्च फुगलेला दिसतो. किंवा फक्त बिल लिहितात, मग किराणा कोणता आणि पेट्रोल कोणते हे कळत नाही. इथे तो घोळ मुळातच संभवत नाही.

याच चौकटीत सर्वांना प्रथम खटकणारी गोष्ट म्हणजे उत्पन्न उणे चिन्हाने दिसते. पगाराची नोंद पाहावी:

२०२५-०४-३० एप्रिलचा पगार
    मालमत्ता:बँक:बचत        ₹१,०५,२५५
    मालमत्ता:पीएफ           ₹७,२००
    खर्च:कर:आयकर          ₹७,३४५
    खर्च:कर:व्यवसाय कर      ₹२००
    उत्पन्न:पगार           -₹१,२०,०००

‘उत्पन्न’ या खात्याकडे पैसा जिथून आपल्याकडे येतो ते ठिकाण म्हणून पाहिले की उणे चिन्ह समजते: तिथून १,२०,००० रुपये निघाले आणि चार ठिकाणी पोहोचले. शिवाय नफा-तोट्याचा अहवाल मागितला की एच-लेजर ही चिन्हे स्वतःच फिरवून दाखवतो, त्यामुळे रोजच्या वापरात त्याचा त्रास होत नाही. या एका नोंदीतून आणखी एक गोष्ट साधते. मोबाइलवर बँकेचा संदेश येतो १,०५,२५५ रुपयांचा आणि बहुतेकजण तेच आपले उत्पन्न समजतात. प्रत्यक्षात कापले गेलेले ७,२०० रुपये भविष्यनिर्वाह निधीत आपल्याच नावावर जमा आहेत, ते खर्च नाहीत, तर आयकर आणि महाराष्ट्रातील व्यवसाय कर हे खरोखर गेलेले पैसे आहेत. पगारपत्रकावर या सगळ्या वजावटी एकाच रकान्यात छापलेल्या असतात, म्हणून हा फरक सहसा नजरेतून सुटतो. कंपनी आपल्या बाजूने निधीत जे भरते तेही याच नोंदीत आणखी दोन ओळींनी दाखवता येते.

द्विनोंदी पद्धतीचा खरा उपयोग गृहकर्जात दिसतो, म्हणून तिथे थोडे थांबणे योग्य ठरेल. समजा ३०,००,००० रुपयांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले आहे. मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या महिन्याचे व्याज म्हणजे तीस लाखांवर वर्षाच्या ८.५ टक्क्यांचा बारावा भाग, अर्थात २१,२५० रुपये. उरलेले ४,७८५ रुपये मुद्दलात जातात.

२०२५-०५-०५ गृहकर्जाचा हप्ता
    खर्च:गृहकर्जाचे व्याज      ₹२१,२५०
    देणे:गृहकर्ज             ₹४,७८५
    मालमत्ता:बँक:बचत       -₹२६,०३५

पुढच्या महिन्यात मुद्दल २९,९५,२१५ उरलेले असते, त्यामुळे व्याज २१,२१६ आणि मुद्दल ४,८१९ होते. संपूर्ण हप्ता खर्च म्हणून लिहिणारा माणूस आपण घरावर दरमहा २६,००० रुपये घालवतो असे मानतो. तो संपूर्ण हप्ता बचत मानणाराही भेटतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिल्या वर्षभरात सुमारे ३,१२,००० रुपये भरले जातात आणि कर्ज जेमतेम ६०,००० रुपयांनी उतरते, ही गोष्ट बँकेच्या परतफेडीच्या तक्त्यात असतेच, पण तो तक्ता कर्ज मंजूर झाल्यानंतर कोणी उघडत नाही. आपल्याच फाइलीत ती दरमहा समोर येत राहते, आणि हातात आलेला बोनस मुदत ठेवीत घालावा की मुद्दलात भरावा हा निर्णय मग अंदाजाने घ्यावा लागत नाही. व्याजाचा दर बदलला तर अर्थातच पुढील नोंदीतील विभागणी बँकेच्या उताऱ्यावरून घ्यावी, स्वतःच्या जुन्या गणितावरून नव्हे.

म्युच्युअल फंडाच्या बाबतीत रुपयांबरोबर युनिटही मोजावे लागतात, आणि हे प्रोग्रॅम कोणत्याही वस्तूला चलनासारखे वागवत असल्याने त्यात अडचण येत नाही. ५,००० रुपयांच्या एसआयपीतून १ जुलै २०२० पासून ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते, म्हणजे २५ पैसे, उरलेल्या ४,९९९.७५ रुपयांना ६२.५० रुपये दराने ७९.९९६ युनिट मिळतात.

२०२५-०५-०७ एसआयपी
    मालमत्ता:म्युच्युअल फंड     ७९.९९६ युनिट @@ ₹४,९९९.७५
    खर्च:मुद्रांक शुल्क          ₹०.२५
    मालमत्ता:बँक:बचत        -₹५,०००

दोन वेळा लिहिलेले ते चिन्ह एकूण किंमत दर्शवते; एकदाच लिहिले तर प्रतिनग दर. पंचवीस पैशांसाठी वेगळी ओळ लिहिणे काहींना अतिरेक वाटेल, पण ती नसेल तर बेरीज शून्य होत नाही, आणि ही शिस्तच पुढे उपयोगी पडते. अधूनमधून त्या त्या दिवसाचा बाजारभाव एका ओळीत लिहून ठेवला की ताळेबंद खरेदीच्या किमतीने किंवा आजच्या किमतीने, हवा तसा मागता येतो. परदेशात नोकरी करणाऱ्या आणि पुण्याला किंवा नाशिकला घराचे हप्ते भरणाऱ्या मराठी कुटुंबांना हीच सोय डॉलर-रुपयांसाठी वापरता येते: पाठवलेले डॉलर एका खात्यातून वजा, मिळालेले रुपये दुसऱ्यात जमा, आणि पाठवणी करणाऱ्या कंपनीचे शुल्क खर्चात. विनिमय दरात लपलेले नुकसान अशा वेळी आकड्यांत दिसते.

उसनवारीचाही उल्लेख करायला हवा. चौघांच्या जेवणाचे २,४०० रुपयांचे बिल एकाने भरले, तर त्याचा खर्च ६०० आहे आणि १,८०० रुपये येणे आहेत. येणे ही मालमत्ता, म्हणून ‘मालमत्ता:येणे’ या खात्याखाली मित्रांच्या नावाने उपखाती उघडावीत. ज्याने पैसे परत केले त्याचे खाते शून्यावर येते. ज्याचे येत नाही त्याचे खाते वर्षानुवर्षे तसेच दिसत राहते, हा या पद्धतीचा एक कटू दुष्परिणाम म्हणावा लागेल.

इथवर जे सांगितले ते कोणत्याही द्विनोंदी सॉफ्टवेअरला लागू पडते. ग्नूकॅशसारखे खिडक्या-बटणांचे मोफत सॉफ्टवेअर घरासाठी हेच काम करते, आणि दुकानात टॅली वापरणाऱ्यांना तर यात नवीन काहीच नाही. मग साधा मजकूर कशासाठी? पहिले कारण टिकाऊपणाचे आहे. वरील नोंदी वाचण्यासाठी कोणत्याही प्रोग्रॅमची गरज नाही. एच-लेजर उद्या बंद पडला तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडेल आणि घरातील दुसऱ्या कोणालाही समजेल. दुसरे कारण शोधण्याचे आणि दुरुस्तीचे. ‘क्रेडिट कार्ड’ हे खाते पुढे दोन कार्डांत विभागायचे ठरले तर संपादकातील शोधा-बदला या सोयीने काम होते; ॲपमध्ये त्यासाठी कंपनीच्या कृपेची वाट पाहावी लागते. तिसरे कारण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे: फाइल आपल्याच संगणकावर राहते आणि प्रोग्रॅमला इंटरनेट लागत नाही. मोबाइलवरील बँकेचे सर्व संदेश वाचण्याची परवानगी मागणारी ॲप्स आपल्याकडून कोणती किंमत वसूल करतात, याचा विचार ज्याने त्याने करावा. अर्थात साधी फाइल म्हणजे कुलूप नसलेली फाइल, त्यामुळे संगणकाची डिस्क सांकेतिक स्वरूपात ठेवावी, खात्यांचे पूर्ण क्रमांक फाइलीत लिहू नयेत आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. गिट, म्हणजे फाइलीच्या आवृत्त्या जपणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना प्रत्येक बदलाचा इतिहासही मिळतो. फक्त त्या आवृत्त्या जिथे साठतात ते भांडार खासगी आहे याची खात्री करून घ्यावी.

नवशिक्याचा सर्वाधिक वेळ ज्या चुकीत जातो ती अगदी क्षुल्लक आहे. खात्याच्या नावात मोकळी जागा चालते, म्हणून नाव कुठे संपले हे प्रोग्रॅमला कळण्यासाठी नाव आणि रक्कम यांमध्ये किमान दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. एकच सोडली तर ‘किराणा ₹१,८४०’ हेच संपूर्ण खात्याचे नाव समजले जाते आणि रक्कम सापडत नाही. दुसरी चूक अधिक फसवी आहे: ‘किराणा’ऐवजी एखादे वेळी ‘किरणा’ टंकले तर मूळ सेटिंगमध्ये प्रोग्रॅम तक्रार न करता नवे खाते उघडतो, बेरीजही जुळते आणि अहवालात मात्र खर्च दोन जागी विखुरतो. यासाठी सर्व खाती फाइलीच्या सुरुवातीला जाहीर करून कडक तपासणीचा पर्याय लावावा; बीनकाउंटमध्ये तर खाते आधी उघडल्याशिवाय वापरताच येत नाही. देवनागरी नावे वापरणाऱ्यांना ही जाहीर नोंद तशीही करावीच लागते, कारण मालमत्ता कोणती आणि खर्च कोणता हे एच-लेजर इंग्रजी नावांवरून ओळखतो. इतर भाषांत प्रत्येक मुख्य खात्याचा प्रकार सांगावा लागतो. रुपयाचे चिन्ह आणि लाख-कोटींप्रमाणे स्वल्पविराम यांचा नमुनाही तिथेच एकदा लिहिला की सर्व अहवाल १,००,००० असे छापले जातात. काही टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, काना-मात्रांमुळे रकाने थोडे वाकडे दिसतात. तेवढे सोसावे किंवा नावे रोमन लिपीत लिहावीत.

व्यवहाराची बेरीज शून्य आहे याचा अर्थ नोंद खरी आहे असा होत नाही, आणि इथे पुष्कळजणांची फसगत होते. १,८४० च्या जागी दोन्ही ओळींत १,४८० लिहिले तरी बेरीज शून्यच येते. विसरलेला व्यवहार तर बेरजेत येतच नाही. म्हणून बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे. त्यासाठी नोंदीच्या शेवटी बरोबरीचे चिन्ह देऊन त्या दिवसअखेरची अपेक्षित शिल्लक लिहिता येते:

२०२५-०५-३१ पासबुकाशी पडताळणी
    मालमत्ता:बँक:बचत       ₹० = ₹४८,२१५.५०

फाइलीवरून येणारी शिल्लक यापेक्षा वेगळी असेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि फरक किती आहे ते सांगतो. प्रत्येक महिनाअखेरीस अशी एक ओळ असली म्हणजे चूक शोधण्याचा पल्ला कधीही एका महिन्यापेक्षा मोठा होत नाही. मला विचाराल तर या एका सोयीसाठीच ही सारी खटपट करावी. आलेख, रंग, टक्केवारी या गोष्टी नंतरच्या. एच-लेजर ही तपासणी तारखेच्या क्रमाने करतो आणि मूळ लेजर फाइलीतील क्रमाने करतो, हा फरक फाइल एकातून दुसऱ्यात नेताना ध्यानात ठेवावा.

सर्व नोंदी हाताने लिहाव्यात का, यावर मतभेद आहेत. बँकेच्या संकेतस्थळावरून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) स्वरूपात उतारा मिळतो आणि त्याचे नोंदींत रूपांतर करणारे नियम एका वेगळ्या फाइलीत लिहिता येतात: वरच्या इतक्या ओळी वगळाव्यात, तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने वाचावी, तपशिलात वीज कंपनीचे नाव असेल तर खाते ‘खर्च:वीज’ धरावे. आयात करताना मागील वेळी कुठवर वाचले होते हे एच-लेजर लक्षात ठेवतो, त्यामुळे तेच व्यवहार पुन्हा येत नाहीत. अडचण येते ती यूपीआयची, कारण तिथल्या तपशिलात भाजीवाल्याच्या जागी त्याच्या भावाचे नाव आणि एक लांबलचक क्रमांक असतो; त्यावरून नियम बनत नाही. दुसरी अडचण स्वतःच्याच दोन बँकांमधील हस्तांतराची. तो एक व्यवहार दोन्ही उताऱ्यांत येतो आणि दोन वेळा नोंदला जातो. त्यावर उपाय म्हणून मध्ये ‘मालमत्ता:मार्गस्थ’ असे एक खाते ठेवावे: पहिल्या बँकेचा उतारा पैसे त्यात घालतो, दुसऱ्या बँकेचा उतारा ते काढून घेतो, आणि शेवटी ते शून्यावर नसेल तर एखादे हस्तांतर अर्धवट नोंदले गेले आहे हे लगेच कळते. सुरुवातीचे काही महिने तरी नोंदी हातानेच लिहाव्यात, असा माझा आग्रह राहील. खात्यांची रचना आपल्या घराला कशी बसते हे त्याशिवाय उमगत नाही.

रोकडीच्या बाबतीत फार काटेकोर होऊ नये. एटीएममधून काढलेले पैसे ‘मालमत्ता:रोकड’ या खात्यात न्यावेत, मोठे रोख खर्च तेवढे लिहावेत आणि रविवारी पाकीट मोजून जी तफावत येईल ती ‘खर्च:किरकोळ’ मध्ये टाकावी. चहा आणि रिक्षा स्वतंत्रपणे लिहायचा हट्ट धरणाऱ्यांची फाइल सहसा लवकरच बंद पडते. खात्यांचेही तसेच आहे: भाजी, फळे आणि दूध यांची वेगळी खाती असल्याने कोणताही निर्णय बदलणार नसेल तर ती ‘किराणा’खालीच राहू द्यावीत.

सुरुवात करण्यासाठी १ एप्रिल ही तारीख सोयीची, कारण आर्थिक वर्ष तिथूनच मोजले जाते; पण वर्षाच्या मध्येही प्रारंभ करता येतो. ज्या दिवशी सुरू करायचे त्या दिवसाची प्रत्येक बँकखात्याची, फंडाची आणि कर्जाची शिल्लक एकाच व्यवहारात लिहावी आणि जुळवणीची शेवटची ओळ ‘भांडवल:प्रारंभिक शिल्लक’ अशी रक्कम न देता सोडावी. एका ओळीची रक्कम रिकामी असेल तर प्रोग्रॅम ती स्वतः भरतो. जुन्या पासबुकांतून मागील वर्षे उकरून काढण्याचा मोह टाळावा. त्यानंतर ताळेबंदाची आज्ञा दिली की मालमत्ता, देणी आणि त्यांतील फरक एका पानावर दिसतो, आणि उत्पन्न-खर्चाची आज्ञा महिन्यावार दिली की बारा रकाने शेजारी शेजारी येतात.

मार्च संपल्यावर बँक गृहकर्जाच्या व्याजाचे प्रमाणपत्र देते, कंपनी फॉर्म १६ देते आणि प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण पाहायला मिळते, ज्यात बचत खात्याचे आणि मुदत ठेवींचे व्याजही असते. त्या प्रत्येक आकड्याच्या तोडीचे एक खाते आपल्या फाइलीत असते. ‘खर्च:गृहकर्जाचे व्याज’, ‘खर्च:कर:आयकर’ आणि ‘उत्पन्न:व्याज’ यांची वर्षाची बेरीज काढून ती त्या कागदांशेजारी ठेवावी, आणि जिथे फरक दिसेल तिथे विवरणपत्र भरण्यापूर्वी बँकेकडे किंवा कंपनीच्या लेखा विभागाकडे लेखी विचारणा करावी.